लिंकनशायरचा विमान-इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिंकनशायरच्या विमान-इतिहासाबद्दल मराठीत लिहायला लागल्यापासून प्रश्न येत राहतात. काही इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी मंडळींचे असतात, काही पुण्या-नाशिकच्या विमानवेड्या वाचकांचे, तर काही हवाई दलातून निवृत्त झालेल्यांच्या घरून येतात. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीचे दोन पैलू असतील तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लिंकनशायर आहे कुठे, आणि त्याला ‘बॉम्बर काउंटी’ का म्हणतात?

ही इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रदेश; यॉर्कशायरच्या खाली आणि नॉरफोकच्या वर. एका अंगाला उत्तर समुद्र, बाकी बहुतेक शेती. दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्सच्या बॉम्बर कमांडची (बॉम्बफेकी विमानांच्या विभागाची) बरीच विमानं इथून जर्मनीवर जात, म्हणून ‘बॉम्बर काउंटी’. हे नाव खरं असलं तरी अपुरं आहे. बॉम्बरचा काळ जेमतेम काही वर्षांचा. त्याआधी आणि त्यानंतरही इथे वैमानिक घडत होते, नवी इंजिनं पहिल्यांदा उडत होती, विक्रमी उड्डाणं होत होती. या पानावर त्या बाकीच्या इतिहासाला मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

२. एवढे हवाई तळ याच काउंटीत का?

पहिलं कारण नकाशात आहे. इथून उठलेलं विमान लगेच समुद्रावर पोहोचतं आणि समोर हॉलंड, त्यामागे जर्मनी. दुसरं कारण जमिनीत आहे. लिंकन शहराच्या उत्तर-दक्षिण चुनखडीचा एक लांब कडा पसरला आहे. त्याच्या माथ्यावरची जमीन सपाट, मोकळी आणि पाणी चटकन जिरवणारी. स्कॅम्प्टन, वॉडिंग्टन, डिग्बी, क्रॅनवेल हे सगळे तळ याच माथ्यावर किंवा त्याला लागून आहेत. वस्ती विरळ असल्यामुळे जागा घेणंही सोपं गेलं. युद्ध संपताना काउंटीत पन्नासच्या आसपास तळ होते.

तिसरं कारण वैमानिकच सांगत : टेकडीवरचं लिंकन कॅथेड्रल. परतताना त्याचे तीन मनोरे दिसले, की घर आलं असं ते समजत. आज या कॅथेड्रलमध्ये बॉम्बर कमांडच्या मृतांची स्मारकं आहेत.

३. हा सगळा इतिहास दुसऱ्या महायुद्धापासूनच सुरू होतो ना?

नाही, त्याच्या पाव शतक आधी. पहिल्या महायुद्धात लिंकन हे यंत्रं घडवणारं शहर होतं, आणि शेतीची अवजारं नि वाफेची इंजिनं करणाऱ्या कारखान्यांना सरकारने विमानं करायला लावली. रस्टन प्रॉक्टर, क्लेटन अँड शटलवर्थ, रोबी ही त्यांतली मोठी नावं. एकट्या रस्टन प्रॉक्टरने सुमारे १,६०० सॉपविथ कॅमल लढाऊ विमानं बांधली. या कारखान्याचं हजारावं विमान, तेही एक कॅमलच, १९१८ च्या सुरुवातीला तयार झालं, तेव्हा कामगारांनी त्याला साधा लष्करी रंग दिला नाही. इजिप्तच्या होरस देवाच्या पंखांसारखी रंगीत पिसं त्यावर काढली. लाकूड, कापड आणि तारांच्या त्या विमानाचे फोटो जरूर शोधा. नांगर आणि मळणीयंत्रं करणाऱ्या हातांना या नव्या कामाचा किती अभिमान होता, ते त्यातून दिसतं.

त्याच काळात जर्मनीची झेपेलिन, म्हणजे वायूने भरलेली अवाढव्य हवाई जहाजं, रात्री किनाऱ्यावर येत. १९१६ च्या ३१ मार्चच्या रात्री क्लीथॉर्प्समध्ये एका चॅपेलवर बॉम्ब पडला आणि आत मुक्कामाला असलेले मँचेस्टर रेजिमेंटचे तीसपेक्षा जास्त जवान मेले. लगेच १ एप्रिलला क्रॅनवेलचा तळ रुजू झाला. तो तेव्हा नौदलाचा होता. नौदलाच्या वैमानिकांना विमानं, फुगे आणि हवाई जहाजं चालवायला तिथे शिकवत.

४. हे रस्टन म्हणजे आपल्याकडच्या विहिरीवरच्या इंजिनाचं रस्टन का?

होय, तेच घराणं. लिंकनची रस्टन प्रॉक्टर आणि याच काउंटीतल्या ग्रँथमची हॉर्न्सबी या कंपन्या १९१८ मध्ये एकत्र आल्या आणि रस्टन अँड हॉर्न्सबी झाली. पुढे याच नावाच्या भारतीय कंपनीचा कारखाना चिंचवडला होता. महाराष्ट्रातल्या जुन्या मळ्यांत आणि पिठाच्या गिरण्यांत ‘रस्टन’ हे नाव अजून निघतं. त्या नावाच्या मुळाशी असलेल्या कारखान्यात एकेकाळी लढाऊ विमानं बनत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

५. क्रॅनवेलचं भारतीय हवाई दलाशी नेमकं नातं काय?

फार जवळचं. ५ फेब्रुवारी १९२० रोजी इथे ब्रिटिश हवाई दलाचं कॅडेट कॉलेज सुरू झालं. लष्करी वैमानिक-अधिकारी घडवणारी जगातली पहिली अकादमी ती हीच. १९३० मध्ये पहिले भारतीय कॅडेट इथे दाखल झाले : हरीशचंद्र सरकार, सुब्रतो मुखर्जी, भूपेंद्र सिंग, ऐजाद बक्ष अवान, अमरजीत सिंग आणि जे. एन. टंडन. पहिले पाच वैमानिक झाले. टंडन यांची उंची कमी पडली, म्हणून ते रसद शाखेत गेले. ८ ऑक्टोबर १९३२ ला त्यांना कमिशन मिळालं, आणि त्याच दिवशी भारतीय हवाई दल कागदोपत्री अस्तित्वात आलं. दरवर्षी ८ ऑक्टोबरला हवाई दल दिन साजरा होतो तो त्यामुळे. १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोड तळावर वापिती विमानांची पहिली तुकडी उभी राहिली, तिचे वैमानिक हेच.

सुब्रतो मुखर्जी १९५४ मध्ये हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. त्यांच्यानंतरचे ॲस्पी इंजिनिअर आणि त्यांच्याही नंतरचे अर्जन सिंग, दोघेही क्रॅनवेलचेच. म्हणजे स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचे पहिले तिन्ही भारतीय प्रमुख लिंकनशायरच्या याच माळावर घडले. आपल्याकडे क्रॅनवेलचा उल्लेख ‘इंग्लंडला प्रशिक्षण घेतलं’ एवढ्यावर संपतो. गावाचं नाव घ्यायला हवं, असं मला वाटतं.

६. क्रॅनवेलहून भारतापर्यंत न थांबता विमान आलं होतं, हे खरं का?

खरं आहे, आणि ही गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे. क्रॅनवेलला गवताची लांबलचक, मोकळी धावपट्टी होती. पोटभर पेट्रोल घेतलेलं जड विमान उचलायला तशीच जागा लागते, म्हणून लांब पल्ल्याचे विक्रम करायला हवाई दलाने हेच ठिकाण निवडलं.

पहिला प्रयत्न २० मे १९२७ चा. कार आणि गिलमन हे दोन अधिकारी हॉकर हॉर्स्ली विमानातून भारताकडे निघाले. साडेचौतीस तासांनंतर इराणच्या आखातात, बंदर अब्बासजवळ त्यांना पाण्यात उतरावं लागलं. अंतर झालं सुमारे ५,५०० किलोमीटर, म्हणजे तेव्हाचा जागतिक विक्रम. पण ज्या दिवशी ते निघाले त्याच दिवशी न्यूयॉर्कहून अमेरिकन वैमानिक लिंडबर्गही एकटा अटलांटिक ओलांडायला निघाला होता. तो पॅरिसला पोहोचला आणि यांचा विक्रम काही तासांतच मागे पडला. कार-गिलमन यांची नावं आज कुणाच्या ओठी नसतात, याची खंत वाटते.

एप्रिल १९२९ मध्ये जोन्स-विल्यम्स आणि जेंकिन्स फेअरीच्या खास लांब पल्ल्याच्या विमानाने निघाले. लक्ष्य होतं बंगळूर. समोरच्या वाऱ्याने पेट्रोल जास्त खाल्लं आणि पन्नास तासांहून अधिक हवेत राहून ते २६ एप्रिलला कराचीला उतरले. अंतर सुमारे ६,६५० किलोमीटर. विक्रम झाला नाही, पण इंग्लंडहून हिंदुस्थानात एकदाही न थांबता आलेलं हे पहिलं विमान. याच दोघांनी डिसेंबरमध्ये क्रॅनवेलहून केपटाऊनच्या दिशेने झेप घेतली, आणि ट्युनिशियाच्या डोंगरात विमान आदळून दोघेही गेले. अखेर फेब्रुवारी १९३३ मध्ये गेफर्ड आणि निकोलेट्स क्रॅनवेलहून थेट नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या वॉल्विस बे इथे पोहोचले, ५७ तास २५ मिनिटांत. तो जागतिक विक्रम ठरला.

७. जेट विमानाचा शोध इथेच लागला का?

अर्धं हो, अर्धं नाही. फ्रँक व्हिटल हा आधी क्रॅनवेलला तांत्रिक शिकाऊ मुलगा म्हणून आला. उंची कमी म्हणून त्याला सुरुवातीला नाकारलं होतं. गुणवत्तेवर तो कॅडेट झाला, आणि १९२८ मध्ये कॉलेजसाठी लिहिलेल्या प्रबंधात त्याने फार उंचावरून, फार वेगाने जाणाऱ्या विमानांचा विचार मांडला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. जानेवारी १९३० मध्ये त्याने जेट इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. इंजिन प्रत्यक्ष बनलं आणि पहिल्यांदा चाललं ते मात्र दुसऱ्या काउंटीत, रग्बीला, १९३७ मध्ये.

१५ मे १९४१ च्या संध्याकाळी ग्लॉस्टर ई.२८/३९ हे ब्रिटनचं पहिलं जेट विमान क्रॅनवेलवरून उडालं. चाचणी वैमानिक जेरी सेयर १७ मिनिटं हवेत होता. जगातलं पहिलं जेट मात्र ते नव्हे, जर्मनीचं हायन्केल १७८ विमान २७ ऑगस्ट १९३९ लाच उडालं होतं. त्यामुळे कुणी ‘जगातलं पहिलं जेट क्रॅनवेलला उडालं’ असं लिहिलं असेल तर ते दुरुस्त करून घ्या.

८. लँकेस्टर विमानं लिंकनशायरमध्ये बनायची का?

नाही. लँकेस्टर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं ब्रिटिश बॉम्बर. एकूण ७,३७७ बनली, ती मुख्यतः मँचेस्टरच्या आसपास ॲव्हरोच्या आणि इतर कंपन्यांच्या कारखान्यांत. लिंकनजवळ ब्रेसब्रिज हीथला ॲव्हरोचा दुरुस्ती कारखाना होता. पण लँकेस्टर पहिल्यांदा मिळालं ते इथल्याच वॉडिंग्टनच्या ४४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला, १९४१ च्या अखेरीस. विमानात सात जण असत : वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेसवाला आणि दोन तोफची, त्यातला एक अगदी शेपटीत.

९. ‘डॅमबस्टर्स’ मोहीम थोडक्यात सांगाल का?

१६ मे १९४३ च्या रात्री स्कॅम्प्टनहून ६१७ स्क्वाड्रनची १९ लँकेस्टर उठली. जर्मनीच्या रूर खोऱ्याला पाणी आणि वीज देणारी धरणं फोडायची होती. बार्न्स वॉलिस यांनी त्यासाठी पिंपासारखा बॉम्ब बनवला होता. तो सोडण्याआधी उलट दिशेने मिनिटाला सुमारे ५०० फेरे देत फिरवायचा. मग तो पाण्यावर उड्या मारत, टॉर्पेडो अडवायला लावलेल्या जाळ्या ओलांडत भिंतीला टेकतो आणि बुडून फुटतो. यासाठी विमान रात्री पाण्यापासून बरोबर ६० फुटांवर हवं. उंचीमापक एवढ्या खाली भरवशाचा नव्हता. म्हणून विमानाच्या पोटाखाली दोन दिवे बसवले, एक पुढे आणि एक मागे. दोन्हींचे प्रकाशगोल पाण्यावर एकमेकांना चिकटले, की उंची बरोबर. नॅव्हिगेटर बाजूच्या खिडकीतून खाली बघत ‘खाली, खाली, वर’ असं वैमानिकाला सांगत राही.

म्योने आणि एडर ही दोन धरणं फुटली, झोर्पेला थोडंच नुकसान झालं. १३३ जणांपैकी ५३ मेले आणि ३ पकडले गेले. आठ विमानं परत आली नाहीत. खाली पुरात सुमारे १,३०० माणसं बुडाली. त्यांत जर्मनीने पूर्व युरोपातून धरून आणलेल्या सक्तीच्या मजुरांची संख्या मोठी होती. मोहिमेचं कौतुक करताना हा आकडाही त्याच वाक्यात यावा, असा माझा आग्रह असतो.

१०. या मोहिमेचा प्रमुख भारतात जन्मला होता का?

हो. गाय गिब्सनचा जन्म १२ ऑगस्ट १९१८ रोजी शिमल्यात झाला. वडील वनखात्यात होते. लहानपणीच तो इंग्लंडला गेला. मोहिमेच्या वेळी त्याचं वय २४ होतं आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९ सप्टेंबर १९४४ ला हॉलंडमधल्या स्टीनबर्गनजवळ त्याचं विमान कोसळलं. त्याची कबर तिथेच आहे.

११. या काउंटीने किती माणसं गमावली?

काउंटीवार हिशेब करण्यापेक्षा संपूर्ण बॉम्बर कमांडचा आकडा सांगतो : सुमारे १,२५,००० वैमानिक आणि कर्मचारी उडाले, त्यांतले ५५,५७३ मेले. म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस. एका माणसाच्या वाट्याला पहिल्या फेरीत साधारण तीस मोहिमा येत. ३० मार्च १९४४ च्या एका रात्रीत न्यूरेंबर्गवर गेलेल्या ७९५ विमानांपैकी ९५ परतली नाहीत.

लिंकनच्या दक्षिणेला कॅनविक टेकडीवर बॉम्बर कमांडचं आंतरराष्ट्रीय स्मारक आहे. तिथल्या उंच लोखंडी मनोऱ्याची उंची लँकेस्टरच्या पंखांच्या रुंदीएवढी, म्हणजे सुमारे ३१ मीटर ठेवली आहे. भोवतीच्या गंजल्या रंगाच्या पत्र्यांवर जवळपास ५८,००० नावं कोरली आहेत. ही संख्या वरच्यापेक्षा मोठी का, असं अनेक जण विचारतात. वर फक्त उडणारे मोजले आहेत, तर स्मारकावर जमिनीवर काम करणाऱ्यांचीही नावं आहेत. नावांपुढे हुद्दा नाही, पदकही नाही. समोर दरीपलीकडे कॅथेड्रल दिसतं.

१२. हे सगळे ब्रिटिशच होते का?

नाही. वॉडिंग्टन आणि बिनब्रुकला ऑस्ट्रेलियन स्क्वाड्रन होत्या, फॉल्डिंगवर्थला पोलिश. कॅनडा, न्यूझीलंड आणि कॅरिबियन बेटांमधूनही माणसं आली होती. काउंटीच्या दक्षिण भागात अमेरिकन वाहतूक विमानं असत. ५ जून १९४४ च्या रात्री नॉर्मंडीत सर्वांत आधी उतरून बाकीच्यांना वाट दाखवणारे अमेरिकन छत्रीधारी नॉर्थ विदमहून निघाले. सप्टेंबरमध्ये हॉलंडमधल्या अर्नहेमच्या लढाईला गेलेल्या ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांतले अनेक बार्कस्टन हीथवरून उडाले.

१३. स्कॅम्प्टनजवळ सरळ रोमन रस्ता मध्येच वळण का घेतो?

व्हल्कनसाठी. १९५० च्या दशकात अणुबॉम्ब वाहणारी व्हल्कन विमानं येणार म्हणून धावपट्टी वाढवली. ती थेट रोमनांच्या काळातल्या अर्माइन स्ट्रीटवर गेली. मग रस्ताच कमानीसारखा वळवला. नकाशावर लिंकनच्या उत्तरेला एका पट्टीसारखा आखलेला ए१५ महामार्ग पाहा, स्कॅम्प्टनशी ते वळण लगेच दिसेल. शीतयुद्धाचा इतका ठळक ठसा जमिनीवर क्वचित दिसतो.

१४. फॉकलंड युद्धातलं व्हल्कन इथलंच का?

होय. १९८२ च्या या ब्रिटन-अर्जेंटिना युद्धात विमानं आणि माणसं वॉडिंग्टनची, पण उड्डाण अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावरून झालं. १ मे १९८२ च्या पहाटे एक्सएम६०७ क्रमांकाच्या व्हल्कनने फॉकलंडमधल्या पोर्ट स्टॅन्लीच्या धावपट्टीवर २१ बॉम्ब टाकले. जाऊन येऊन सुमारे सोळा तास, वाटेत व्हिक्टर विमानांकडून हवेतच पुन्हापुन्हा इंधन घेत. एक बॉम्ब धावपट्टीच्या मधोमध पडला. ते विमान आज वॉडिंग्टनलाच जपून ठेवलं आहे.

१५. ‘रेड ॲरोज’ आणि ६१७ स्क्वाड्रन आता स्कॅम्प्टनला आहेत का?

नाही, दोन्हीही नाहीत. जुनी माहितीपत्रकं वाचून लोक तिथे जातात आणि बंद फाटकावरून परततात. रेड ॲरोज, म्हणजे हवाई दलाचं कसरती दाखवणारं पथक, २०२२ मध्ये वॉडिंग्टनला हललं आणि त्यानंतर हवाई दलाने स्कॅम्प्टन सोडलं. ६१७ स्क्वाड्रन नॉरफोकमधल्या मारहमला असून एफ-३५ विमानं उडवते.

१६. दोन दिवस आहेत. काय पाहू?

पहिला दिवस कॅनविकचं स्मारक (प्रश्न ११) आणि कॅथेड्रल. दुसरा दिवस ईस्ट कर्कबी. तिथे पँटन बंधूंनी जपलेलं ‘जस्ट जेन’ नावाचं लँकेस्टर आहे. त्यांचा भाऊ ख्रिस्तोफर न्यूरेंबर्गवरच्या हल्ल्याच्या रात्री (प्रश्न ११) मारला गेला. विमान उडत नाही, पण ठरावीक दिवशी चारही इंजिनं सुरू करून ते धावपट्टीवर फिरवतात आणि आधी जागा राखून आत बसता येतं. उडणारं लँकेस्टर कॉनिंग्सबीला आहे. जगात उडणारी लँकेस्टर दोनच, दुसरं कॅनडात. कॉनिंग्सबी चालू लष्करी तळ असल्याने भेटीचे दिवस आधी विचारून जा. वाटेत टॅटरशॉल थॉर्पच्या ब्लू बेल इन या पबचं छत मात्र चुकवू नका : युद्धातल्या वैमानिकांच्या सह्या तिथे अजून आहेत.

१७. न्यूअर्क एअर म्युझियम आणि हंबरसाइड विमानतळ लिंकनशायरमध्ये धरायचे का?

न्यूअर्कचं संग्रहालय सीमेपलीकडे नॉटिंगहॅमशायरमध्ये आहे. लिंकनहून जवळ असल्याने बरेच जण चुकतात. हंबरसाइड विमानतळ मात्र इथलाच. तो १९७४ मध्ये किर्मिंग्टन या जुन्या बॉम्बर तळावर सुरू झाला. त्या काळात हा भाग हंबरसाइड नावाच्या वेगळ्या काउंटीत होता म्हणून ते नाव. आता ती काउंटी नाही.

१८. आमचे आजोबा ‘क्रॅनवेलला होते’ असं घरात सांगतात. म्हणजे ते वैमानिक होते का?

असतीलच असं नाही. कॅडेट कॉलेजशिवाय क्रॅनवेलला वीज आणि वायरलेसची शाळा होती, तंत्रज्ञ शिकत होते, दवाखाना होता. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्सही १९२५-२६ मध्ये इथे साधा एअरक्राफ्ट्समन होता, वैमानिक नव्हे. घरात उड्डाणाची वही असेल तर आधी ती उघडा : वैमानिकाच्या वहीत प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा प्रकार आणि वेळ लिहिलेली असते. वही नसेल आणि फक्त सेवापत्र असेल, तर त्यावरचा ‘ट्रेड’ किंवा शाखेचा रकाना बघा. आणि कागद फोटोकॉपीला देण्याआधी मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ठेवा, जुन्या वह्यांची शिवण लगेच सुटते.